किसा गोतमीची कथा : उपदेश की सोबत?

पुण्याच्या बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकातील दुकानांत, बौद्ध कथांचे एखादे लहानसे पुस्तक उघडावे, तर त्यात किसा गोतमी बहुधा भेटतेच. मृत बालक कवटाळून फिरणारी माता, तथागतांनी आणावयास सांगितलेले मोहरीचे दाणे, मरण न पाहिलेले घर न सापडणे आणि शेवटी 'सर्व अनित्य आहे' हा बोध, एवढ्या चार टप्प्यांत ती कथा संपते. आपल्या समाजात ही कथा इतकी परिचित झाली आहे की, तिचे वाचन आता होत नाही, केवळ स्मरण होते. एखाद्या घरी नवजात बालक दगावले म्हणजे भेटीस आलेल्यांपैकी कोणीतरी हीच कथा सांगतो, अनित्यतेचे दोन शब्द बोलतो आणि आपले कर्तव्य पार पडले अशा समाधानाने परत जातो. मागे उरलेल्या माता-पित्यांना त्या शब्दांनी काय दिले, याचा विचार क्वचितच होतो.

ज्यांचे बाळ जन्मल्यानंतर काही तासांत अथवा काही दिवसांत गेले, त्यांच्यापुढे आपण ही कथा ज्या रीतीने ठेवतो, ती रीत मूळ कथेशी प्रामाणिक आहे काय, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात आम्ही विचारणार आहोत. आमचे उत्तर नकारार्थी आहे. ज्या कथेत दुःखिताला सोबत दिली गेली, त्या कथेचा आपण उपदेश करून टाकला आहे, असे आमचे मत आहे.

एका हलवायाचे दुःख

याच पेठेतील दुसऱ्या एका कथेपासून आरंभ करणे उचित ठरेल. अप्पा बळवंत चौकापासून थोडे चालत गेले की दगडूशेठ हलवाई गणपतीचे मंदिर लागते. त्याची जगभर कीर्ती आहे, परंतु त्याच्या मुळाशी पुत्रशोक आहे याचे भान दर्शनाच्या रांगेत फारसे कोणाला नसते. मंदिराच्या परंपरेने जपलेली हकीकत अशी की, दगडूशेठ व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा एकुलता एक मुलगा प्लेगने गेला. शोकाने खचलेल्या त्या दांपत्याला त्यांचे गुरू माधवनाथ महाराज यांनी दत्त आणि गणपती यांच्या मूर्ती करून घ्यावयास व अपत्याप्रमाणे त्यांचा सांभाळ करावयास सांगितले. अपत्य जसे आई-बापांचे नाव उज्ज्वल करते, तसे ही दैवते तुमचे नाव करतील, असे आश्वासनही दिले.

चिकित्सक वाचकाला येथे कालगणनेची एक अडचण जाणवेल. या गणपतीची स्थापना १८९३ ची सांगितली जाते. प्लेगची साथ मुंबईत १८९६ मध्ये उद्भवली आणि त्यानंतर पुण्यात पसरली. तेव्हा साथीचे नाव किंवा वर्ष यांपैकी एकात परंपरेची सरमिसळ झाली असावी. परंतु दंतकथा ही काही नोंदवही नव्हे. तिच्यात जपला गेलेला सल्ला आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. त्या गुरूने हलवायाला 'विसरून जा' असे सांगितले नाही. 'मृत्यू अटळ आहे' असे सांगून त्याची बोळवणही केली नाही. ज्या हातांतून मूल गेले होते, त्या रिकाम्या हातांना त्याने काही काम दिले.

आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यांतील तिसऱ्या प्रतिज्ञेने गौरी-गणपतीची उपासना आपण सोडली. ती विचारपूर्वक सोडली आणि ते योग्यच केले. परंतु एक दार बंद करणाऱ्यावर दुसरे उघडण्याची जबाबदारी येते. मूर्तीचा आधार आपण नाकारला, तर शोकाकुल माता-पित्यांच्या रिकाम्या हातांत आपण काय ठेवतो? केवळ 'अनित्य' हा एक शब्द ठेवत असू, तर मानवी व्यवहाराच्या तुलनेत आपण त्या हलवायाच्या गुरूपेक्षा उणे ठरतो. हे कटू असले तरी बोलणे प्राप्त आहे.

तीच दारे, निराळा प्रश्न

आता मूळ साधनांकडे वळू. थेरीगाथेच्या एकादसनिपातात किसा गोतमीच्या नावे अकरा गाथा आहेत. आश्चर्याची गोष्ट अशी की, त्या अकरा गाथांत मोहरी कोठेच नाही. मोहरीचा प्रसंग येतो तो पुढे अट्ठकथांत. गाथांचा आरंभ होतो तो कल्याणमित्रतेच्या स्तुतीने. त्यानंतर स्त्रीजन्मातील दुःखांची मालिका येते. बाळंतपणात माता आणि गर्भ दोघेही संकटात सापडतात, याचाही उल्लेख तिच्यात आहे. किसा गोतमीच्या तोंडी परंपरेने घातलेला पहिला विषय मरण नव्हे, तर मैत्री आहे, ही गोष्ट आमच्या मते या कथेची किल्ली आहे.

ही किल्ली हाती घेऊन अट्ठकथा वाचली म्हणजे तिचा अर्थ निराळा लागतो. थेरीगाथेच्या अट्ठकथेप्रमाणे गोतमी गरिबाघरची. सासरी तिची अवहेलना होत असे. पुत्र झाला तेव्हा तिला मान मिळू लागला. म्हणून पुत्राच्या मृत्यूबरोबर तिचे केवळ मूल गेले नाही, घरातील तिचे स्थानही डळमळले. आजही बाळ गेलेल्या सुनेकडे ज्या नजरेने पाहिले जाते, तिला 'पांढऱ्या पायाची' म्हणून जे हिणवले जाते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा तपशील अधिक समजावून सांगावयास नको.

मृत पुत्र कडेवर घेऊन गोतमी घरोघर जाते आणि औषध मागते. लोक तिला वेडी ठरवतात. एक सुज्ञ पुरुष तेवढा तिची अवस्था ओळखतो आणि तिला तथागतांकडे पाठवतो. तथागत तिला मूल मेले आहे असे सांगत नाहीत. अनित्यतेवर प्रवचन देत नाहीत. तिच्या कडेवरील देह काढून घ्या, असेही कोणास सांगत नाहीत. ज्या घरी कोणी मेले नाही, अशा घरून मोहरी आण, एवढेच सांगतात आणि त्याच नगरात, त्याच दारांकडे तिला परत पाठवतात.

दारे तीच होती. बदलला तो प्रश्न. पहिल्या फेरीत ती औषध मागत होती, तेव्हा तिला उपहास मिळाला. दुसऱ्या फेरीत ती 'तुमच्या घरी कोणी गेले आहे काय?' असे विचारत होती, तेव्हा प्रत्येक घराने आपले दुःख तिच्यापुढे उघडे केले. ज्या लोकांनी तिला वेडी म्हटले, तेच लोक आता तिचे समदुःखी झाले. मोहरी मागणे हे निमित्त होते; दुःखाने एकाकी पडलेल्या स्त्रीला पुन्हा माणसांत आणणे, हा त्या उपायाचा गाभा होता. गाथांत ज्या कल्याणमित्रतेची स्तुती आहे, ती अट्ठकथेने अशा रीतीने कथारूपात उभी केली आहे.

अनित्यतेचा बोध या कथेत आहेच. आम्ही तो नाकारत नाही. परंतु तो कथेच्या शेवटी आहे आणि गोतमीने तो स्वतः मिळवला आहे. आपण तो आरंभी सांगतो, आणि तोही दुसऱ्याच्या वतीने. दाराशी आलेल्या गोतमीला शेजारणीने आपल्या घरातील मृत्यूविषयी न सांगता 'बाई, सर्व अनित्य आहे' असे म्हणून दार लावून घेतले असते, तर ती कथा तेथेच खुंटली असती.

दारे कोणाला उघडी होती?

आंबेडकरी वाचकाला या कथेत आणखी एक गोष्ट दिसली पाहिजे. तथागतांचा उपाय यशस्वी होण्यास एक अट होती : गोतमीला कोणत्याही दाराशी उभे राहता आले पाहिजे. श्रावस्तीत ती उभी राहू शकली. पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्य माता ती उभी राहू शकली असती काय? कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून चालावे लागणाऱ्या समाजाची स्थिती बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या १९३६ च्या निबंधात नोंदवली आहे. अशा नगरात मोहरी मागावयास निघालेली महारा-मांगाची माता पहिल्याच वळणावर अडवली गेली असती. तिला मरण न पाहिलेले घर नव्हे, तर तिचे दुःख ऐकून घेणारे घरच सापडले नसते.

याच बुधवार पेठेत भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. डिसेंबर २०२३ मध्ये तो जीर्ण वाडा स्मारकासाठी पाडण्यात आला. फुल्यांच्या शिक्षणकार्यातून शिकलेली मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी. तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या समाजातील बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडी-पाऊस-वारा त्यांना सोसावा लागतो, हे दुःख त्या कोवळ्या वयाच्या मुलीने मांडले. बाळंतिणीच्या आणि बालकाच्या दुःखाला जात असते, हे इतक्या आधी सांगणारा दस्तऐवज मराठीत दुर्मीळच. किसा गोतमीच्या कथेशेजारी तो ठेवून वाचला, म्हणजे 'मरण सर्वांना समान' हे वाक्य किती सावधपणे उच्चारावे लागते, ते ध्यानी येते.

आजही या पेठेत देहविक्रयावर जगणाऱ्या स्त्रियांची वस्ती आहे. तेथील एखाद्या स्त्रीचे तान्हे गेले, तर तिच्या दाराशी किती जण सांत्वनाला जातील? आणि ती कोणाच्या दाराशी जाईल? विहारांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा.

बाबासाहेबांची गोतमी

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यात किसा गोतमीची कथा अनित्यतेच्या तात्त्विक विवेचनात घातलेली नाही. ती तथागतांच्या मानवतेविषयीच्या भागात, शोकग्रस्तांचे दुःख हलके करणारा या नात्याने, विशाखेच्या सांत्वनासोबत येते. ही मांडणीच एक भाष्य आहे. अट्ठकथांत थेरींच्या कथांना जोडून येणाऱ्या पूर्वजन्मींच्या हकीकती येथे गाळल्या आहेत. मूल का गेले, याचे उत्तर मातेच्या मागच्या जन्मात शोधले जात नाही. मूल सर्पदंशाने गेले, असे साधे कारण दिले आहे. दंशाची एवढीशी खूण मरणास कारण होईल, हे तिला पटत नाही, कारण तिने मृत्यू पाहिलेलाच नव्हता. वेडाचा आरोप दूर करून तिच्या अविश्वासाला समजण्याजोगे कारण देणारी ही लेखणी करुणेची आहे.

ही लेखणी कोणाची होती, हेही विसरता येत नाही. बाबासाहेब आणि माता रमाई यांची चार अपत्ये बालपणीच गेली. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्यानंतर ऑगस्ट १९२६ मध्ये बाबासाहेबांनी दत्तोबा पवार या स्नेह्यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात ते धीरोदात्तपणाचा आव आणत नाहीत. पुत्रशोकातून आपण व आपली पत्नी सावरलेलो नाही, पुरलेल्या चार लेकरांबरोबर जीवनातील गोडी गेली, अशी कबुली ते देतात. एका पित्याने एका मित्रापुढे मोकळे केलेले ते मन आहे. आपल्याकडे बापाने रडावयाचे नसते असा दंडक आहे. बाळ गेलेल्या घरात आईला निदान कोणी जवळ घेते, बापाला मात्र कागदपत्रे आणि खड्डा यांची व्यवस्था पाहावी लागते. त्या बापाने हे पत्र वाचावे. महामानवाला जे लपवावेसे वाटले नाही, ते त्यानेही लपवू नये.

या पत्रानंतर सुमारे तीन दशकांनी बाबासाहेबांनी गोतमीची कथा लिहिली. म्हणून ती कथा सांगण्याचा अधिकार ज्यांना हवा, त्यांनी आधी हे पत्र समजून घेतले पाहिजे. शोक म्हणजे धम्माचे अपुरे आकलन, असे मानणाऱ्यांना हे पत्र पुरेसे उत्तर आहे.

नाव आणि कारण

थेरीगाथेत उब्बिरी ही दुसरी शोकमग्न माता आहे. जीवा नावाच्या कन्येसाठी ती स्मशानात आक्रोश करते. याच ठिकाणी जीवा नावाच्या चौऱ्याऐंशी हजार कन्यांचे दहन झाले, त्यांतील कोणत्या जीवेसाठी तू रडतेस, असे तिला विचारले जाते. वरवर पाहता प्रश्न कठोर वाटतो. परंतु त्यात त्या मुलीचे नाव उच्चारले जाते, हे लक्षात घ्यावे. तिच्या मातेशी बोलताना ते नाव टाळलेले नाही.

आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी. त्याआधी गेलेल्या बालकाला नाव नसते; म्हणून आईला रडावयासही शब्द नसतो. 'ते बाळ' एवढाच उल्लेख राहतो आणि पुढे तोही बंद होतो. मोठ्या माणसासाठी जलदान विधी व पुण्यानुमोदन होते; तान्ह्यासाठी बहुधा काहीच होत नाही. आईला बाळाचे मुखही पुष्कळदा दाखवले जात नाही. तिला त्रास होईल, हे कारण सांगितले जाते. आज या क्षेत्रात काम करणारे सांगतात की, इच्छा असल्यास आई-वडिलांना बाळ पाहू द्यावे, हाती घेऊ द्यावे, नाव ठेवू द्यावे, आणि निर्णय त्यांचा असावा. विशेष हे की, जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे जिवंत जन्मून तासाभरात गेलेल्या बालकाचाही जन्म आणि मृत्यू दोन्ही नोंदवावे लागतात, मृतजन्माचीही नोंद होते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना अशा प्रसंगी साठ दिवसांची विशेष रजा मान्य केली. शासनाची वही ज्या जीवाची दखल घेते, त्याची दखल विहाराने घेऊ नये, हे विसंगत आहे.

दुसरी गोष्ट कारणाची. अनित्यता हा धम्माचा अर्धा भाग झाला. प्रतीत्यसमुत्पाद हा उरलेला अर्धा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २५ बालके पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावतात. ही सारी मरणे अटळ नसतात. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावातील स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची शुश्रूषा करविली; त्यामुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, हा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे कारण होते आणि ते दूर करता येत होते, तेथे 'सर्व अनित्य' म्हणून गप्प बसणे हा धम्म नव्हे. मात्र कारणाचा शोध समाजाने घ्यावयाचा आहे. शोकाकुल मातेच्या उशाशी बसून 'तू हे खाल्लेस, तू तेथे गेलीस' अशी झडती घेणे म्हणजे पूर्वजन्माच्या आरोपाचीच नवी आवृत्ती होय.

पटाचारेचा धडा

शेवटी पटाचारा. तिची हकीकत नवजात बालकाच्या मृत्यूचीच आहे. पती सर्पदंशाने गेला. नदी ओलांडताना तान्ह्या बाळाला ससाण्याने उचलले, थोरला मुलगा पाण्यात वाहून गेला. पुढे माहेरचे घरही कोसळल्याचे कळले. भान हरपून, विवस्त्र अवस्थेत ती जेतवनाकडे आली, तेव्हा लोक तिला हाकलू लागले. तथागतांनी तिला येऊ दिले, 'भगिनी' म्हणून साद घातली, आणि कोणीतरी तिच्या अंगावर वस्त्र टाकले. आधी वस्त्र, मग धम्म, हा क्रम आहे.

परंतु तिच्या कथेचा खरा शेवट त्याहून पुढचा आहे. थेरीगाथेत पटाचारेकडे आलेल्या पाचशे स्त्रियांच्या गाथा आहेत. अट्ठकथेनुसार त्या सर्व अपत्य गमावलेल्या माता होत्या. त्या तिच्याकडे आल्या, कारण तिने ते सोसले होते. जिचे बाळ गेले, तीच पुढे पाचशे मातांची कल्याणमित्र झाली. शोकग्रस्तांनी शोकग्रस्तांना आधार द्यावा, ही आज नवी वाटणारी पद्धत आपल्या साहित्यात अडीच हजार वर्षांच्या परंपरेची आहे.

तेव्हा विहाराने काय करावे? नवजात बालकाचे निधन झालेल्या घरी उपदेशक पाठवण्याऐवजी ज्यांनी हे दुःख भोगले आहे, अशी दोन माणसे पाठवावीत. एक आईशी बोलणारी, एक वडिलांशी. 'लहान आहात, दुसरे होईल' हे वाक्य कोणी उच्चारू नये, कारण गेलेले मूल हे येणाऱ्या मुलाची तालीम नव्हते. पहिल्या आठवड्यात स्वयंपाक, कागदपत्रे, थोरल्या भावंडांची शाळा हे शेजाऱ्यांनी सांभाळावे. बाळ गेले तरी आईला दूध येते. त्या वेदनेविषयी डॉक्टरांशी बोलण्यास तिला कोणीतरी सोबत द्यावी. माता-पित्यांची इच्छा असेल, तर बालकाच्या नावाने पुण्यानुमोदन करावे. आणि वर्षभराने, बाकी सारे विसरलेले असताना, त्या घरी पुन्हा जावे.

याउपर किसा गोतमीची कथा सांगावी काय? सांगावी, परंतु ती सांगणाऱ्याने स्वतःकडे तथागतांची भूमिका घेऊ नये. त्या कथेत आपल्यासाठी दुसरी एक भूमिका आहे, आणि ती आजवर रिकामीच आहे. दार उघडून 'होय, आमच्याही घरी गेले आहे. आत ये, बस' असे म्हणणाऱ्या त्या अनाम शेजारणीची ती भूमिका होय.